एक नळी गरम, एक गार

मुरारच्या बाजूनं कोहरा आला
(आम्ही लष्करचे लोक मराठीतही त्याला धुकं म्हणत नाही)
की माझी पासष्टची अँबॅसिडर आतून पांढरी होते.
डाव्या हातात गिअर, उजव्या हातात मफलरचं टोक,
काच पुसायला.
स्टिअरिंग देवाच्या हाती.

हीटर आहे. हौसेनं दिल्लीहून बसवून आणलेला.
पंखा फिरतो, खुळखुळतो,
आणि पायांवर गार हवा सोडतो,
जशी काही बाहेर कमी पडली होती.

इदरीसनं वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं,
मग बॉनेटखाली दोन नळ्यांवर दोन हात,
डोळे मिटून, वैद्यानं नाडी बघावी तसे.
‘ये जल रही है. ये मुर्दा है.’
म्हणजे पाणी आत जातच नव्हतं.
डॅशखालचा दांडा सरकत होता, तारही सरकत होती,
तारेच्या टोकाची तोटी मात्र गंजून मिटलेली.
तिला डिझेल पाजलं, दोन टिचक्या मारल्या,
कुरकुरत फिरली.

मग जाळी धुतली. बागेचा पाइप उलट्या बाजूनं लावला
आणि फरशीवर चिंचेच्या कोळासारखं पाणी,
त्यात गंजाचे पापुद्रे.
‘किती वर्षांचं असेल रे?’
‘आप बताइए.’

तरी हवा कोमटच. तान्ह्याच्या दुधाइतकी.
त्यानं इंजिनावरचं छोटं झाकण खोललं,
आत बोट घालून फिरवलं.
रिकामं.
‘थर्मोस्टॅट नहीं है, साहब.
पानी गरम होने से पहले भाग जाता है.’

हे वाक्य मी ऐकलेलं होतं.
सत्त्याऐंशीचा डिसेंबर, हजीरा,
आणि बोलणारे याचे वडील, गनी मिस्त्री.
मी म्हणालो होतो, तुमच्याकडे यायच्या आधी होता.
बिलातून सत्तर रुपये कापले.
ते हात पुसत राहिले, बराच वेळ,
पुसून झाल्यावरही.
पुढे मी ते दहा घरी सांगितलं, चहाबरोबर, गजकबरोबर:
पितळेची एवढीशी वस्तू, तीही सोडली नाही माणसानं.

इदरीसला अर्ध्या इंचाचा पाना हवा होता.
डिकीतल्या पिशवीत तळाशी हात गेला
तर रुमाल. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं ‘श्री’, ताईचं.
गाठ माझी. अशी उलटी दुहेरी गाठ
आमच्या घरात दुसरं कोणी मारत नाही.
आत पितळ.

मे महिना. दतियाच्या अलीकडे, एका बाभळीखाली.
मागच्या सीटवर हळदीच्या हातांची पुतणी, मांडीवर कलिंगड.
रेडिएटर शिट्टी मारत होता, वऱ्हाड पुढे निघून गेलेलं,
आणि मीच, याच पान्यानं,
मीच काढला.
घरी पोचल्यावर बसवू म्हटलं.

सुनेनं पातेलं दिलं, दुधाचं सोडून कुठलंही घ्या म्हणाली.
इदरीसनं तो दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला.
बुडबुडे आले. काही नाही.
आणखी आले.
मग मधली चकती हलली. कमळ म्हणणार होतो,
पण कमळ कसलं,
सकाळी दुकानाचं शटर अडखळत निम्मं वर जातं, तेवढंच.
‘जिंदा है,’ तो म्हणाला.
मी गॅसकडे बघत राहिलो.

संध्याकाळी त्याला सोडायला हजीऱ्याला गेलो.
गाडीभर जळक्या धुळीचा वास, थोडा उंदराचाही.
काचेवर खाली दोन चकत्या उजळल्या, पोळीएवढ्या,
त्यातून बंद गिरणीची भिंत दिसली, सायकलवाला दिसला.
पायांना ऊब लागत होती
आणि मला पाय कुठे ठेवावेत कळेना.

त्यानं सातशे मागितले होते.
दिव्याखाली उभं राहून मोजले,
सत्तर परत पुढे धरले. ‘ज्यादा हैं, साहब.’
खिडकी उघडी. सगळी ऊब बाहेर चाललेली.
म्हटलं, बरोबर आहेत.
तो अजून हात पुढे करून.