बद्द

मानमोडीच्या पायथ्याशी रिक्षावाल्याने सोडलं
तेव्हा मार्गशीर्षातलं ऊन अजून कोवळं होतं
आणि पलीकडे शिवनेरी, रवंथ करणाऱ्या बैलासारखा निवांत.
अण्णा म्हणाले, "चल. बसलो तर बसेन."

वाट धड नाही. वाळकं कुसळी गवत, घाणेरी,
पायाखालून निसटणारा मुरूम.
दहा पावलं चालतात नि थांबतात,
देखावा बघतोय असं दाखवतात.
मीही दाखवते:
ते बघा जुन्नर, ते द्राक्षांचे मांडव,
तो एसटीचा लाल ठिपका.
त्यांच्या छातीत पन्नास वर्षांचं दगडाचं पीठ आहे.
तो देखावा मी आधीच बघितलाय
ससूनच्या खिडकीत, काळी फिल्म उजेडाला धरून.

वर राखणदार येसाजी लांडे.
"अत्तर लावलंय का? नाही ना? हळू बोला.
आग्या मोहळ आहे, मागल्या साली कॉलेजची पोरं
इथून थेट खालच्या ओढ्यात."
मग हळू आवाजातच सांगितली गोष्ट:
पांडवांनी एका रात्रीत कोरायला घेतलं,
कमान झाली, आत शिरले, आणि कोंबडा आरवला.
"आमची म्हातारी म्हणायची पांडव नव्हं, भुतं.
म्हणून भूतलेणं."

अण्णा ऐकून घेतात.
दुसऱ्याच्या दगडाला आपली टाकी लावू नये,
हा त्यांचा जुना नियम.
तरण्याताठ्या वयात ते गावोगाव ओरडत फिरले,
पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ.
मग घरोघर मिक्सर आले
आणि अण्णा खडीच्या क्रशरवर गेले.

आता मान वर करून उभे आहेत.
कमानीत कमळ उमललंय, पाकळी न् पाकळी.
मधे लक्ष्मी, बाजूला हत्ती,
हात जोडलेल्या माणसांच्या बोटांची पेरंसुद्धा वेगळी.
आणि आत?
आत नुसता अंधार, ओबडधोबड,
टाकीचे घाव तसेच उघडे,
जेवायला म्हणून कुणी उठून गेल्यासारखे.

"काम वरून खाली येतं," अण्णा म्हणाले.
"पराती लागत नाहीत ना."
भिंतीवर तळवा ठेवला. मग बोटाचं पेर वाकवून
दारावर मारावी तशी टकटक.
थोडं सरकून पुन्हा.
तिसऱ्यांदा थांबले.
"इथं बद्द वाजतोय. ऐक.
आत मातीचा पट्टा आहे, पाणी धरणारा."
मी ऐकलं. मला चाकणच्या मशीनचा आवाज कळतो,
स्पिंडल कण्हायला लागलं की झोपेतही कळतं.
दगडातलं मला काय कळणार.
पण हा आवाज मी ऐकला होता.

"कोंबडा कुठला," ते अगदी हळू बोलले,
येसाजींना ऐकू जाऊ नये इतकं.
"त्याला आधीच कळलं असणार."
"कुणाला?"
"जो कोरत होता त्याला. पण सांगणार कुणाला?
पैसे देणाऱ्याला?"
येसाजींना पुरातत्त्वची पाटी तोंडपाठ.
पैसे देणारा चंद नावाचा यवन.
त्याचं नाव आहे.

आणि मला ससून दिसतं.
डॉक्टरने पाठीवर डावा हात पालथा ठेवून
त्यावर उजव्या बोटाने ठोकलं होतं,
वरून खाली, वरून खाली,
आणि एका बरगडीखाली आवाज बदलला होता.
मग मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं.
तीन महिने झाले. मी घरी सांगितलं,
सूज आहे म्हणाले, गोळ्यांनी उतरेल.
त्या वेळी अण्णा शर्टाची बटणं लावत होते,
खालून वर, सावकाश,
आणि माझ्याकडे बघितलंच नव्हतं.

आता ते कमळाकडे बघतायत.
"एवढं कळल्यावरसुद्धा
हात बघ केवढा नीट चाललाय."

"अण्णा," मी म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टर…"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
वर कमानीला लोंबणारं ते काळं, जिवंत, हलणारं दाखवलं.
"हळू," म्हणाले. "मोहळ उठेल."