चारशे तीन

हिउमा बेटावर हेल्दुर पिहल
रोज पहाटे साडेपाचला बर्फाला भोक पाडतो.
गिरमिट बापाच्या वेळचं. पट्टी आत सोडतो,
हातमोजा दाताने ओढून काढतो,
फोनवर आकडा टाकतो:
सव्वीस. सत्तावीस. वारं सुटल्यावर चोवीस.

तो आकडा आमच्या फीडमधून बाहेर पडायचा,
आणि पाणपोईच होती ती,
कुणीही यावं, ओंजळ धरावी.
पाववाला यायचा, पोस्टाची बाई यायची,
खाडीपलीकडे बहीण असलेली सल्मे यायची.
कोण आलं, आम्ही विचारत नव्हतो.
तहानेला कुठे आडनाव असतं?

मग जानेवारीतल्या एका रात्री
चाळीस हजार जण आले.
माणसं नव्हती ती.
ज्यांना कधीच खाडी ओलांडायची नाही अशी यंत्रं,
तोच एक आकडा सेकंदासेकंदाला उपसत होती,
कुठे नेत होती, कोण जाणे.
ताल्लिनमधलं आमचं कपाटाएवढं मशीन चारला बसलं.
पाववाला उजाडेपर्यंत किनाऱ्यावर,
इंजिन चालू, पाव गार.

म्हणून कुलूप मी घातलं.
लपवत नाही. अकरा ओळी होत्या.
नाव नोंदवा, किल्ली घ्या, किल्ली दाखवा.
नसेल तर चारशे तीन,
म्हणजे: ऐकलं, कळलं, पण नाही.
काम चोख झालं. साहेबांनी केक आणला.

सल्मे एक्याऐंशीची.
भाच्याने तिच्या फोनवर एक रकाना बसवून दिला होता,
त्यात ती फक्त आकडा बघायची.
त्या सकाळी आकडा होता चारशे तीन.
चार मीटर बर्फ!
असा हिवाळा जन्मात पाहिला नव्हता तिने.
बहिणीसाठी बिटाचं लोणचं घेतलं, गाडी काढली,
पट्टा बांधला नाही.
बर्फावर बांधायचा नसतो, दार झटकन उघडता आलं पाहिजे.

त्या दिवशी हेल्दुरची पट्टी सतरा सांगत होती.

तो वाटेत आडवा उभा राहिला म्हणून,
दोन्ही हात वर, गिरमिटासकट,
म्हणून मी हे लिहू शकते आहे.

त्याने फोन केला. ओरडला नाही.
म्हणाला, दवंडी पिटता
आणि ऐकणाऱ्याला ओळखपत्र मागता,
हे जमतं कसं तुम्हाला?

यंत्रं अजून दाराशी आहेतच, हेही खरं.
हेल्दुरला ते दिसत नाही, मला दिसतं.

आता सात ओळी उरल्यात.
तासातून एकदा येणाऱ्याला काही विचारत नाही.
अधाशासारखा उपसणारा थांबतो.
कधीतरी काळजीने पुन्हापुन्हा बघणारा पाववालाही
त्यात अडकेल, ठाऊक आहे मला. झोप लागत नाही
अशा रात्री त्याच ओळीवर येते.

एक मात्र केलं.
नकार आता आकड्यात देत नाही.
अक्षरांत देते, मोठ्या:
जाडी माहीत नाही. निघू नका.

भोक दुपारपर्यंत पुन्हा गोठतं.
साडेपाचला हेल्दुर येतो.