पाय वर ऱ्हाईना

उद्यमबागेत आमचं दुकान, प्रेसचे सिलिंडर खोलायचं.
मंगळवारी टेम्पोतनं नाव आली नाही,
नुसतं इंजिन आलं, पोत्यांवर आडवं,
आणि शेजारी सदलग्याचा बाळाप्पा अंबिगेर,
एक हात त्याच्या मानेखाली घालून बसलेला,
दवाखान्यात आणल्यागत.

"पाय वर ऱ्हाईना हो," म्हणाला.
"रातीला उचलून ठेवतोय, सकाळी बघावं तर खाली.
कोण बघत नसताना उतरतंय."

मी आउटबोर्ड कधी खोललं नव्हतं.
बेळगावात समुद्र कुठला?
पण कव्हर काढलं तर सगळी ओळखीचीच मंडळी,
एक पंप, एक सिलिंडर, वाल्वातल्या दोन गोळ्या
आणि तेल,
जे सांगितलं तिथं जातं
आणि सांगितलं नाही तिथंही.

रॉडच्या मुळाशी ओल. बोट लावून नाकाशी नेलं.
तेल दुधाळ झालेलं, दूधगंगेचं पाणी आत शिरलेलं.
झाकणाला दोन भोकं, त्याचा पाना कंपनीचा,
तो मिळणार बंगळुरात, पंधरा दिवसांनी.
भरमाण्णानं पट्टीला दोन खिळे वेल्ड केले,
गालात सुपारी तशीच,
आणि झाकण असं किंचाळलं
की समोरच्या फाउंड्रीतलं पोर बघायला आलं.

भरमाण्णा चष्मा लावत नाही.
रॉडवरून नख फिरवतो, वरून खाली.
तीनदा काही नाही.
चौथ्यांदा नख अडलं.
"हितं बघ की."
मला काहीच दिसेना.
तिळाएवढा गंजाचा खड्डा,
दर फेरीला सीलचा ओठ थोडा थोडा खात आलेला.

रॉड क्रोमला धाडला. सील गावभर शोधलं,
शेवटी एका जेसीबीच्या उरलेल्या पेटीत सापडलं.
पुसलं, तेल लावलं, अंगठ्यानं बसवलं.
अँगलच्या स्टँडवर इंजिन चढवून पाय पूर्ण वर घेतला,
खडूनं रेघ मारली, कुलूप लावून घरी गेलो.

सकाळी रेघेच्या खाली चार बोटं.

बाहेर थेंब नाही. खाली पसरलेला पेपर कोरडा ठाक.
मग तेल गेलं कुठं?
भरमाण्णा बराच वेळ उकिडवा बसून होता.
बाजूला एक स्क्रू असतो, बॅटरी बसली
तर सैल करून पाय हातानं उचलायचा.
त्याची खाच चिरडलेली,
आणि स्क्रू अर्धा आटा उघडाच.

"हे कुणी पिळलंय रे?"

बाळाप्पा आधी कन्नडात काहीतरी पुटपुटला.
मग म्हणाला, "गेल्या पुरात.
उसावरनं चाललो होतो, पाला पंख्यात गुंडाळला,
म्होरं बांध. बॅटरी मेलेली, पाना न्हाई.
नावेत एक बाळंतीण, तिची सासू, दोन शेळ्या.
सासूच्या कमरेला विळा.
मी पाय धरून उभा, तिनं विळा खाचंत घातला.
'साकेन?' म्हणाली. साकु, म्हणलो.
विळ्याचं टोक मोडलं.
घर पाण्यात गेलं तवा गप्प होती बाई,
टोक मोडलं तवा मला अशा शिव्या घातल्या!
परत आवळायचं कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

लेथवर नवा स्क्रू केला.
जुना त्यानं मागून घेतला,
कागदात बांधून बंडीच्या खिशात टाकला.
तेल भरलं, पाच वेळा वर, पाच वेळा खाली,
बुडबुडे संपेपर्यंत.
दुसऱ्या सकाळी पाय रेघेवरच होता.
बाळाप्पानं खडू बोटानं पुसला नाही, राहू दिला.

राहिलं बिल.
तहसीलदारांच्या नावे, कन्नडात पाहिजे.
टिल्टला कन्नडात काय म्हणतात? मला येईना, त्यालाही.
"कालु रिपेरी लिवा की," म्हणाला,
"पायाला कालुच म्हणतोय आम्ही."
मी लिहिलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"काल कसा रिपेर होतोय रे?"
भरमाण्णा आतनं म्हणाला,
आणि सुपारी थुंकायला बाहेर गेला.