भिशीचे पैसे

भिशी लागली त्या महिन्यात
जावेनं पाटल्या केल्या. मी परभणीला गेले,
स्टेशन रोडवर, दस्तगीरभाईंच्या दुकानात.

दोन कॅमेरे मांडले त्यांनी काचेवर.
एक नवा कोरा, हलका.
दुसरा नांदेडच्या कुण्या लग्नं काढणाऱ्याचा,
एकवीस हजार क्लिक झालेला,
मुठीचं रबर गुळगुळीत.
ते मेगापिक्सेल सांगत होते, मी मान हलवत होते.
हे मागं उभे,
एवढ्यात फ्रीज आला असता, असं तोंड करून.

मी एकच विचारलं: लाईट गेल्यावर?
आमच्याकडं सातला जाते, अन् पोरगी नेमकी तेव्हाच
भिंतीवर सावलीचे ससे करते.

ते आत गेले. बोटभर लेन्स आणली, पन्नासची.
'झूम नाही हिला. जवळ जायचं तर
पायानं जा. पण अंधार पिते, ताई.'

ह्यांनाच उभं केलं दारात.
एक डोळा मिटला.
डाव्या भुवईत एक केस पांढरा,
खाली टाक्याची खूण.
अकरा वर्षं झाली. कधीची ही?

'दाब की. काय बघायलीस?'

जुनाच घेतला.
त्याचा आवाज जाड आहे,
पाट्यावर वरवंटा टेकवल्यासारखा.

जावेला सांगितलं, नवा आहे.