भरतीची वही

मुयनाकमध्ये समुद्र नाही.
बंदर आहे, दीपस्तंभ आहे, वाळूत कलंडलेली जहाजं आहेत,
आणि शाळेच्या भिंतीवर रंगवलेला एक मासा,
ज्याचा डोळा दर वसंतात कुणीतरी पुन्हा काळा करतं.

माझं नाव बीबीसारा. वय बावन्न.
माशांच्या कारखान्यात आईनं तीस वर्षं काढली, मी चारच.
आमचे मासे तेव्हाच संपले होते,
आम्ही परक्या समुद्राचे, रेल्वेनं गोठून आलेले, डब्यांत भरायचो.
मग डबेही संपले.

मार्चमध्ये पाळी गेली.
नुकुसच्या डॉक्टरनं माझ्याकडे न बघता लिहिलं : बंद.
त्याच रात्री गुडघ्यांवर मीठ फुललं.
वाटलं, वाऱ्याचं असेल,
इथं वाराच मीठ वाढतो, न मागता, प्रत्येक ताटात.
पण हे ओलं होतं.

सकाळी नवरा पहिल्या घोटाला थांबला.
"चहा खारट आहे."
पियाल्याला फक्त माझं बोट लागलं होतं.

मुलगी अल्माटीहून फोनवर म्हणाली,
"आई, या वयात अंगाची लाही होतेच. पंखा लाव."
पंखा लावला.
खोलीभर वास सुटला शेवाळाचा, डांबराचा, ओल्या दोरखंडाचा,
आणि आंधळ्या सासऱ्यांनी उशीवरून डोकं उचलून विचारलं,
"होडी नीट बांधलीस ना?"
बांधली, म्हटलं. खोटं वाटलं नाही.

टपालखात्यातल्या ओराझगुलच्या ओटीपोटात
रोज दुपारी दोनला भरती येते, घड्याळ लावून घ्यावं.
ताझागुल शिवायला बसली की सुईच्या नेढ्यातून
धाग्याआधी थेंब येतो.
पातिमा तर बोलतच नाही काही, तिच्या ओसरीवर
सीगल येऊन बसतात आणि ती त्यांना ब्रेड घालते.

गुरुवारी हमामात, वाफेत, आम्ही ताळा जमवला.
बेघर समुद्राला जागा हवी होती.
पोरीबाळींच्या घरांत दाटी, पाळणे, रशियात कामाला गेलेले नवरे.
आमच्याकडे एक खोली नुकतीच रिकामी झाली होती.
भाडं काय देशील, विचारलं,
तर पाणी नुसतं हललं.

पाळी गेली, पाळी गेली, म्हणून
बायकाच बायकांसाठी हळहळतात.
आता पाळी माझी, असं कुणी म्हणत नाही.
मी म्हटलं. जरा मोठ्यानंच.
हमामाच्या कोरड्या नळाला
आचका आला.

नगरपालिकेत बंदर अधीक्षकाची जागा
माझ्या जन्माच्या आसपासपासून रिकामी होती. अर्ज केला.
कारकून हसला. शिक्षण?
डब्याला झाकण बसवणं.
अनुभव?
पाच बाळंतपणं, तीन जगली.
त्यानं किल्ली दिली, कारण दुसरं कुणी मागत नव्हतं,
आणि एक कोरी वही, जिच्या पानांवर कुणाच्या तरी जेवणाचे डाग.

१४ एप्रिल. ओराझगुल, दोन वाजून दहा, गुडघाभर.
१५ एप्रिल. ताझागुल रडली, पण ते यात धरलेलं नाही.
२ मे. मी. पहाटे. मोजता आलं नाही.

पौर्णिमेला आम्ही तेवीस जणी
त्या सगळ्यात गंजक्या जहाजाला पाठ टेकून उभ्या राहिलो.
ढकललं नाही. टेकलो फक्त.
कंबर दुखत होती, तशीही दुखतेच.
वाळूनं एक आवाज केला, कूस बदलताना म्हातारी करते तसा,
आणि जहाज वीतभर सरकलं.
पातिमा पहिल्यांदा बोलली : "रंग लागेल."

नवरा दारात कंदील धरून होता.
परत कधी येशील, विचारलं त्यानं.
अजून गेलेच कुठे, मी म्हटलं. त्याला ते उत्तर वाटलं नाही.
मग तो कंदील घेऊन बरोबरच आला, दहा पावलं मागून.

जहाजावरचं जुनं नाव आम्ही खरवडून काढलंय.
नवं ठरत नाही.
ओराझगुलला आईचं हवं, ताझागुलला कुणाचंच नको,
रोज संध्याकाळी कडाक्याचं भांडण होतं.
भांडताना पाणी बोटभर चढतं,
म्हणून घाई कुणालाच नाही.