तीन टिंबं

भुरा पढियारचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला,
तहसीलचा शेरा: 'एकसष्ट सालापूर्वीचा रहिवास सिद्ध होत नाही.'
बरोबरच आहे.
एकसष्ट साली त्याचा बाप हिवरसांगवीत होता
की मानवतच्या बाजारात,
की मधल्या एखाद्या बाभळीखाली,
हे त्याच्या गाढवाला तेवढं माहीत असणार,
आणि गाढवाचा जबाब आपण घेत नाही.

म्हणून पंचनामा.
पारावर पाच माणसं जमवली मी, ग्रामसेवकानं.
समोर शाळेच्या कुंपणाला टेकलेला गाडा, भाता फुसफुसतोय,
सुरती घण मारतेय पदर खोचून,
आणि भुरा प्रत्येक घावाआधी
सांडशीतलं लाल पातं जरासं फिरवतो,
झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तसं.

विचारलं, "ह्यांना कवापासून ओळखता?"
दगडूअप्पा म्हणाले, "ओळखायचं काय त्यात? येतेत, जातेत."
सरपंचाचा पुतण्या म्हणाला,
"मागल्या साली मोटारीची केबल गेली, तवा हेच व्हते इथं."
केबल नंतर त्याच्याच मेव्हण्याच्या कोठ्यात सापडली होती.
कुणी बोललं नाही.
मीही.
"आज सही दिली तर उद्या घरकुल मागतील,
परवा गायरान."
"मानसं चांगली हायत हो. गावाबाहेर लई चांगली."

सही कुणी केली नाही.
उठता उठता अप्पांनी कुऱ्हाड पुढं केली,
"भुऱ्या, येवढीला पाणी देऊन ठेव, तुरी काढायच्या आत."
तीन दिवसांच्या वर थांबू नका,
हे पोलीसपाटलानं बजावलं.
ते मात्र लेखी.

पोराला वसतिगृहात घालायचंय भुराला, सातवीत.
त्यासाठी दाखला.
दाखल्यासाठी रहिवास.
रहिवासासाठी एका जागी राहायला हवं होतं,
आणि एका जागी राहिले की तीन दिवस.

"माझ्या बापाची खूण तीन टिंबं, सायेब," तो म्हणाला,
"माझी बी तीच. कुन्याबी घरचा कोयता उलटा करून बगा."
मी म्हणालो, बघू.

घर माझं सेलूला. रात्री जेवणाआधी
आईची विळी सहज उलटी केली.
पाट झिजलेला, पातं निम्मं उरलेलं,
पण मुठीशी, जिथं अंबाडीचा चीक साठून काळा होतो तिथं,
नखानं खरवडल्यावर एक,
मग दुसरं.
तिसरं दिसलं का, की मला दिसावंसं वाटलं,
सांगता येत नाही.
"काय बघतोस?" आई म्हणाली.
"काही नाही," म्हणालो, आणि जेवलो.

चौथ्या दिवशी कुंपणापाशी राखेचा काळा गोल,
पाराला टेकवलेली अप्पांची कुऱ्हाड,
अप्पा अंगठ्यानं धार बघताहेत. "चोख."
टेबलावर नवा कोरा अर्ज.
'राहणार' पुढं छापखान्यानं
आधीच टिंबं मारून ठेवलीत, ओळभर.
तिथं काय लिहायचं त्याचं परिपत्रक कपाटात आहे.
कपाटाची कडी मागच्या सुगीत तुटली होती.
बसवून दिली होती कुणीतरी,
पैसे द्यायचे राहिलेत.