पाळणा थांबवण्याचा करार

लिहिलेलं कुठेच नव्हतं.
पेशोतनशेठ फक्त म्हणाले होते माझ्या बापाला,
'पास्कोल, बाई रडायला लागली का पाळणा बंद.
वर लोक अडकले तर अडकू दे.
इंजिनच्या फटफटीत रडणं ऐकू नाय येत.'

तळ्याच्या काठाला बारा पिंपांवर फळ्या टाकून
उभं राहिलं ते नाटकघर.
पाडव्याला पत्रे चढायचे, मृगाआधी उतरायचे,
उरलेलं वर्ष तिथं बेडूक आणि ओले दोर.
पहिल्या साली मागचा पडदाच नव्हता, पैसे संपलेले.
मग पाठीमागे तळंच दिसायचं
आणि राजा यायचा हंसाच्या होडीतून,
तीच, पायांनी मारायची, अर्ध्या तासाला आठ आणे,
एका हाताने मुकुट धरून,
घामाने मिशी एका बाजूने सुटलेली.
लोक हसले. राजाही हसला.
दुसऱ्या साली शेठने महाल रंगवून आणला झोकात,
तर पब्लिक ओरडलं,
'तळं कुठाय? तळं दाखवा!'
महालाची मग ताडपत्री झाली.

बाप इंजिनपाशी बसायचा, नाटकाकडे पाठ.
प्रॉम्प्टर भिकाजी रेडीज विंगेतून
कंदिलावर लाल कागद धरायचे,
मी खाली असलो तर बापाला ढोसायचो,
बाप पट्टा सोडायचा,
पाळणा करकरत अर्ध्यावर थांबायचा,
आणि अनसूया वेंगुर्लेकर रडू लागायची.
पुन्हा पट्टा कधी चढवायचा ते त्याला सांगावं लागत नसे.
शेवटचा हुंदका जरा आत ओढायची ती,
तो त्याच्या हाताला कळायचा.

वर अडकलेल्यांना मात्र सगळं दिसे.
विंगेमागे विडी ओढणारा मेलेला सेनापती.
हंसाला खुंटीला बांधणारा राजा.
ट्रंकेवर झोपलेलं अनसूयाबाईंचं पोर,
आणि त्याच्यावरचे डास पदराने वारणारी
नाटकातली दुष्ट सावत्र आई.
मी बहुतेक वरच. फुकट.
म्हणून असेल, मला अजून कुणी रडताना दिसलं
की आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो.

संपाच्या उन्हाळ्यात गिरण्यांची माणसं
दुपारपासूनच येऊन बसायची.
घरात बसवत नाही म्हणायची.
रेडीजांनी वही घातली.
नाटकाच्या तिकिटाची उधारी!
ती वही माझ्याकडे आहे, वाळवीने कडा खाल्लेली:
'मोरजकर, साचेखाते, दोन मोठे, एक लहान. लहानाचे घेऊ नये.'
'तेच. पाळणा नको म्हणाले.'
'तेच. एकटे.'
वसुलीच्या रकान्यात
रेडीजांनी रेघसुद्धा मारलेली नाही.

शेवटच्या खेळाला अकरा माणसं होती.
डिझेल दोन दिवसांपूर्वीच संपलेलं,
पाळणा फिरलाच नव्हता.
तरी रेडीजांनी लाल कागद धरला.
सवय.
बाप उठला, पट्ट्याकडे हात नेला,
थांबवायला काहीच नव्हतं.
मग तो वळला.
बारा उन्हाळ्यांत पहिल्यांदा
नाटकाकडे तोंड करून उभा राहिला, हात पुसत.

घरी येताना म्हणाला,
'एवढीशी बाई ती?'
मग बराच वेळ काही नाही.
वळणावर आल्यावर पुन्हा,
'एवढीशी?'

आता तिथं सव्वीस मजले.
तिथल्या लिफ्ट मी बघतो, वर्षाच्या कंत्राटावर.
पाळण्याचं टोक म्हणजे साधारण चौथा मजला,
तिथून खाली बघितलं तर गाड्या.
कधी लिफ्ट अडकते, आतून कुणीतरी घाबरून विचारतं.
मी म्हणतो, दोन मिनिटं, होतंय.
आणि उगाच कान देतो.

तळाच्या खड्ड्यात दर मे महिन्यात पाणी झिरपतं.
सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, पाइप फुटलाय.
चार वेळा पाइप बदलून झाले.
मी बादली घेऊन उतरतो,
शेवाळाचा वास येतो,
उपसतो.
सगळं नाही उपसत.